गाणेवाली भाडेकरीण

खोली बघायला आलेला माणूस आधी पाण्याचं विचारतो, मग संडासचं, मग गाडी कुठं लावायची ते. ही बाई वरच्या खोलीत मधोमध उभी राहिली, डोळे मिटले आणि म्हणाली, "अक्का, इथं आवाज कुठून कुठून येतो?"

मला वाटलं, हीसुद्धा गेली. जळगावातल्या आमच्या घराच्या मागच्या भिंतीला लागून मंगल कार्यालय आहे. आधीचे भाडेकरू एकेक लग्नसराई काढून पळाले. बँकेतला एक साहेब तर कानात कापूस घालूनच सामान खाली नेत होता. लपवण्यात अर्थ नव्हता. मी सांगितलं, "मागून बँड, पुढून रिक्षा, पलीकडून डाळ मिल. आणि खाली मी. मी मोठ्यानं बोलते."

"बठ्ठं चालेल, सगळं," ती म्हणाली. "शांत खोलीत मला एक ओळ सुचत नाही."

सामानात कपड्यांपेक्षा कागद जास्त आणि भांड्यांपेक्षा स्पीकर मोठा. ती धुळ्याकडची, टेलिफोनच्या ऑफिसातून निवृत्त झालेली, साठीची. कादंबऱ्या लिहायची. दिवसभर वर काहीतरी वाजत असायचं आणि त्यातच तिचं लिहिणं चालायचं. आठवडाभरात गल्लीनं तिचं नाव गाणेवाली ठेवलं. तिला कळलं तेव्हा म्हणाली, "चांगलं आहे, दाराच्या पाटीवर लिहा." पाटी कोणी लिहिली नाही, पण माझ्या तोंडात तेच बसलं.

महिन्याची पहिली तारीख आली की ती आपल्या वाचकांना फोनवर गाणी पाठवायची. त्याला प्लेलिस्ट म्हणायची. जी कादंबरी चालू असेल तिच्यातल्या माणसांची ती गाणी. प्रत्येक गाण्याखाली दोन-चार ओळी: हे कोणासाठी, कुठं ऐकलं, का घेतलं. वाचक दोंडाईचापासून दुबईपर्यंत होते. पुस्तक हातात पडायला वर्षं लागायची, तोवर लोक ही गाणी ऐकत वाट बघायचे. कादंबरीतल्या हेडमास्तराला या महिन्यात इतकं उदास गाणं का दिलं, म्हणून कोणी भांडायचंसुद्धा.

तिनं मला पहिल्यांदा दाखवलं तेव्हा मी म्हटलं, "ही तर किराण्याची यादी झाली."

"किराणाच आहे, अक्का. तो भरला नाही तर माझी चूल पेटत नाही."

तिचा एक हट्ट होता. माणसाच्या आवडीचं गाणं ती कधी घ्यायची नाही. म्हणायची, "आवडीचं गाणं माणूस पाहुण्यांना सांगायला ठेवतो. त्याला न विचारता त्याच्या कानावर काय आदळतं, ते मला पाहिजे." म्हणून तिच्या कादंबरीतल्या दुष्ट हेडमास्तराच्या वाट्याला शेजारच्या भोंग्यावरचं भजन आलं. नायिका होती केळीच्या वखारीवर काम बघणारी एक विधवा. तिला मिळालं ट्रक मागं घेताना वाजतं ते टुणटुण. ते काय गाणं आहे? पण गाणेवाली रावेरच्या रस्त्यावर उन्हात उभी राहून ते फोनमध्ये भरून घेऊन आली आणि खाली तिनं लिहिलं, "ही बाई दिवसभर हे ऐकते. नवऱ्याची आठवण येते तेव्हाही मागं हेच वाजत असतं."

मी चौथीपर्यंत शिकले, वाचायला वेळ लागतो. वाचून झाल्यावर विचारलं, "ही मी आहे का?"

"नाही. तुम्ही इतक्या चांगल्या नाही."

खरं होतं, म्हणून राग आला नाही.

बँडवाल्यांशी तिची खास दोस्ती. लग्न लागलं की सगळे पंगतीकडं धावायचे आणि ही कार्यालयाच्या मागच्या दारानं जाऊन बँडवाल्यांत बसायची. एकदा तिनं त्यांच्या म्होरक्याला सांगितलं, "हीच चाल एकदा हळू वाजवून दाखव." तो म्हणाला, "ताई, हळू वाजवलं तर नाचणारे मला वाजवतील." पण वरात गेल्यावर वाजवून दाखवली. ती चाल त्या महिन्यात हेडमास्तराच्या मुलीला मिळाली, घरातून पळून जाते तेव्हा. खाली लिहिलं होतं, "नाचायची चाल हळू केली की आत रडणं सापडतं. सौजन्य: जेवायला उशीर झालेला बँड."

भांडखोर होती. तिच्या पुस्तकांचा कोणी पुण्याचा संपादक होता. कादंबरीत अहिराणी फार होते, वाचकाला कळत नाही, कमी करा, असा त्याचा फोन आला. ती जिन्यात उभी राहून बोलत होती, म्हणजे मी ऐकावं असंच बोलत होती. "त्यांना कळत नसेल तर त्यांनी दोंडाईचाला येऊन वर्षभर राहावं. माझ्या वखारीवरची बाई पुण्याचं बोलणार नाही. तिला तिथं कोण ओळखतं?" तो आणखी काहीतरी बोलला. ती म्हणाली, "नका छापू," आणि फोन ठेवून मला म्हणाली, "छापेल. कुठं जातो?" त्यानं छापलं नाही. तिनं दुसरा शोधला. तो दुसरा मिळेपर्यंत दर महिन्याची गाणी मात्र चुकली नाहीत.

गळ्यात काही घालायची नाही. गल्लीतल्या बायका आडून आडून विचारायच्या. मी सरळ विचारलं. ती म्हणाली, "नवरा आहे. धुळ्याला आहे. ठणठणीत आहे. वीस वर्षांत तोंड बघितलेलं नाही, म्हणूनच दोघं ठणठणीत आहोत."

आता माझ्या गाण्याचं सांगते.

आमच्याकडं लग्नात पाच सवाष्णी जात्यावर हळद दळतात आणि दळताना गातात. मुलीकडच्या बायका मुलाकडच्यांना गाण्यातून टोचतात, मुलाकडच्या उलट टोचतात. ज्याला टोचलं नाही तो पाहुणा राहतो, ज्याला टोचलं तो घरचा होतो. माझी सासू यात पटाईत होती, तिच्याकडून मी घेतलं. आमच्या भाऊकीतल्या एकेका हळदीला मला गाडी पाठवून न्यायचे. नवरा गेला आणि ते थांबलं. कोणी येऊ नको म्हटलं नाही. तसं सांगावं लागतच नाही. जात्याभोवती पाट मांडले की विधवेनं उठून मागं पुऱ्या लाटायला जायचं, हे सगळ्यांना येतं. मलाही येत होतं.

त्या उन्हाळ्यात मी गच्चीवर ज्वारीची बिबडी, म्हणजे आमच्याकडचे जाड पापड, थापत होते. ओल्या फडक्यावर हात फिरत होता आणि हाताबरोबर तोंड. गाणेवाली जिन्याच्या तोंडाशी बसलेली मला दिसली नाही.

नवऱ्याची मावशी उंबऱ्याशी बसली,
हळद पाहून नाकात हसली.
हस वं बाई, हस घडीभर,
उद्या ही लेक तुझ्या चुलीवर.

"हे कुठलं?" तिनं विचारलं.

"हळदीचं."

"मग मागं कार्यालयात एवढ्या हळदी होतात, तिथं का नाही म्हणत?"

"विधवा आहे मी. तुला दिसत नाही?"

तिनं मांडीवरचा फोन माझ्यापुढं धरला. मग म्हणाली, "मी फोनमध्ये भरून घेतलंय. या महिन्यात वखारीवरच्या बाईला देऊ का? नको म्हणाल तर आत्ता पुसते."

मी म्हटलं, "दे. माझ्याकडं पडून काय होतंय?"

तिनं दिलं. खाली लिहिलं, "हे गाणं अक्कांचं. जी गाते तिलाच हळदीला बोलावत नाहीत. वखारीवरच्या बाईलाही बोलावत नाहीत, म्हणून ती हे केळीच्या घडांना ऐकवते."

माझ्या नातीचं लग्न ठरलेलं होतं. सोयरे एरंडोलचे. महिनाही झाला नाही आणि मुलगा तोंड पाडून घरात आला. नवऱ्या मुलाची खरोखरची एक मावशी होती, आणि कोणीतरी तिला ते गाणं फोनवर ऐकवलं होतं. तिला वाटलं, अक्का आपल्यावरच गायली. साखरपुड्यात ती म्हणे हळदीकुंकवाच्या ताटाकडं बघून हसली होती. मला काय माहीत? मी तिच्याकडं नीट बघितलंसुद्धा नव्हतं.

"त्या म्हणतात, आधी नाक कापता आणि मग मुलगी देता," मुलगा म्हणाला आणि खाली आलेल्या गाणेवालीकडं वळला. "ताई, ते गाणं काढून टाका. आणि खाली लिहा, चूक झाली."

गाणेवाली म्हणाली, "गाणं अक्कांचं आहे. त्या म्हणतील तर काढते. चूक झाली असं मात्र मी लिहिणार नाही."

दोघंही माझ्याकडं बघायला लागले. मी म्हटलं, "गाण्यातली मावशी माझ्या सासूच्या सासूच्या वेळची आहे. एरंडोलच्या बाईला ती जागा स्वतःला घ्यायची असेल तर मी काय करू? राहू दे ते."

"आई, मग हळदीत तू पुढं येऊ नकोस. उगाच पाहुण्यांच्या डोळ्यांवर येईल."

"मी कधी पुढं येते?" मी म्हटलं.

बोलून गेले आणि ते मलाच लागलं. त्या पोरीची आई नोकरीवर जायची, पोरीला मी वाढवलं. तिच्या हळदीला माझ्या तोंडून एक ओळ निघावी, एवढंच मला पाहिजे होतं. हे मी कोणाला बोलले नाही. बोलले असते तर सगळ्यांनी माझी समजूत घातली असती, आणि समजूत घातलेली मला खपत नाही.

हळद मागच्याच कार्यालयात, दोन्हीकडची एकत्र. सकाळी गडबड झाली. पाच सवाष्णींतली एक, सुनेची चुलत जाऊ, तिच्याकडं सुतक आलं. पाचवी कुठून आणायची? भाऊकीतल्या बाकीच्या संध्याकाळी येणार होत्या. सुनेला अचानक गाणेवाली आठवली. नवरा जिवंत, म्हणजे सवाष्ण. माझी सून तशी हुशार आहे, पण नियम एवढा काटेकोर लावला की त्याचं काय होतं ते तिला दिसलं नाही.

गाणेवाली आली. चांगली जांभळी साडी नेसून आली. जात्याजवळच्या पाटावर बसली तशी एरंडोलची मावशी म्हणाली, "हीच का ती? आणि मंगळसूत्र कुठंय?"

"नवरा धुळ्याला आहे," गाणेवाली म्हणाली. "फोन लावून देऊ?"

बायका हसल्या. मावशी हसली नाही. जात्यात कांडलेली हळद पडली, पाचही जणींनी खुंट्याला हात लावले. पण गाणार कोण? एकमेकींकडं बघून झालं. कोणीतरी पोरांना सांगितलं, स्पीकरवर लावा रे काहीतरी. त्यावर गाणेवालीनं खुंट्यावरचा हात उचलला.

"स्पीकर माझ्या घरी भरपूर आहेत," ती म्हणाली. "मला या पाटावर का बसवलं? नवरा जिता आहे म्हणून. मी त्याच्यासाठी पाण्याचा पेला भरत नाही. आणि जिनं अंथरुणावर पडलेल्या आपल्या नवऱ्याचं वर्षानुवर्षं केलं, ती तिकडं पुऱ्या लाटते. मला गाणं येत नाही. तिला येतं."

मी पुऱ्यांच्या परातीपाशी होते. मला तिचा राग आला. माझ्या वतीनं कोणी भांडलेलं मला आवडत नाही. सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या आणि मी लाटणं चालूच ठेवलं. उठणार नव्हते.

पण मग त्या बायांनी गप्प बसून दळायला सुरुवात केली, आणि गाणेवालीनं जोर लावून जातं उलटं फिरवलं. बाकीच्या चौघी तिच्यामागं उलट्याच फिरल्या. ऑफिसात आयुष्य गेलेल्या बाया, जातं कुठल्या हातानं फिरतं ते कोणालाच ठाऊक नाही. जात्याची दगडी पाळू करकरायला लागली, हळद आत दबली, बाहेर कणसुद्धा येईना. नातीची हळद! ते मला बघवेना. मी हात पदराला पुसले, गेले आणि गाणेवालीला म्हटलं, "सरक."

ती सरकली. मी खुंटा धरला, जातं सरळ केलं, आणि एकदा फिरू लागल्यावर तोंड गप्प राहत नाही. मी तेच म्हटलं. एरंडोलच्या मावशीकडं बघत म्हटलं. "हस वं बाई, हस घडीभर."

सुनेचा चेहरा पांढरा पडला. मुलगा दारात होता, तो मागं फिरला. मावशी उठली. मला वाटलं, आता ही चालती होणार, आणि माझ्यामुळं पोरीचं लग्न मोडणार. तरी मी ओळ पूर्ण केली. अर्धवट सोडलेलं गाणं म्हणजे भीती.

मावशी जात्यापाशी आली, माझ्यासमोर फतकल मारून बसली, आणि खड्या आवाजात म्हणाली,

आजीबाई बसली जात्यापाशी,
दात ठेवले डबीपाशी.
दळ वं म्हातारे, दळ घाईघाई,
हळदीत गेला दात तर सापडायचा नाही.

कार्यालय फुटेल इतक्या बाया हसल्या. नवरी मुलगी हळदीचे हात तोंडावर घेऊन हसली. मावशीला गाणी येत होती! तीही कधीपासून कोणी उत्तर देणारी मिळते का बघत असणार. मग आमची जी जुंपली ती हळद संपली तरी संपेना. विधवा आहे, हे त्या वेळात कोणी काढलं नाही. दात नाहीत हे मात्र चारदा निघालं.

पुढच्या महिन्याच्या प्लेलिस्टमध्ये गाणेवालीनं मावशीचं उत्तरही घेतलं, मावशीला विचारून. खाली एकच ओळ होती: "वखारीवरच्या बाईला आज कोणीतरी शिवी दिली. तिचा दिवस चांगला गेला."

ती कादंबरी संपली आणि तिनं खोली सोडली. पुढच्या कादंबरीत रेल्वे होती, म्हणून दोंडाईचाला स्टेशनजवळ घर घेतलं. भाच्यानं पुण्यात शांत फ्लॅट बघून ठेवला होता. ती म्हणाली, "शांतच राहायचं तर मेल्यावर खूप वेळ आहे." जाताना मी विचारलं, "गाड्यांच्या आवाजानं झोप येईल का?" ती म्हणाली, "नाही आली तर लिहीन." जिन्यात दोघींनी उगाच गळ्यात पडणं वगैरे काही केलं नाही. ती रिक्षात बसली, मी खोली झाडायला घेतली.

तिथंच ती गेली. हृदय बंद पडलं. भाच्याचा फोन आला आणि मी मुलाला गाडी काढायला लावली.

पोचले तर तिला हिरवी साडी नेसवलेली, हातात चुडा, भांगात कुंकू भरलेलं. जिनं इतकी वर्षं गळ्यात दोरा घातला नाही तिच्या गळ्यात काळे मणी. धुळ्याहून गाडी पाठवून नवऱ्याला आणलं होतं, आणि ते कुंकू त्याच्या हातून भरवलं होतं. बायका म्हणत होत्या, "भाग्याची गं, सवाष्ण गेली." तिनं एवढी पुस्तकं लिहिली आणि शेवटी तिचं भाग्य काय, तर तो मागं राहिला. मी तिथं काही बोलले नाही. मढ्यासमोर भांडू नये एवढं मला कळतं.

आठवड्यानं तिच्या वाचकांनी जळगावला शोकसभा ठेवली. तिच्या आठवणीत एक प्लेलिस्ट केली होती. सगळी बासरी आणि संतूर, तिच्या कामाचं त्यात एकही नव्हतं. मला फोन आला होता, अक्का, तुमचंही एखादं गाणं द्या, काहीतरी हळवं. मी एक बांधलं आणि फोनवर म्हणून दाखवलं. ते म्हणाले, शोकसभेत हे शोभणार नाही, त्यापेक्षा तुम्ही दोन शब्द बोला.

गेले. पहिल्या रांगेत पांढऱ्या कपड्यांत नवरा बसला होता. जो बोलायला उठेल तो आधी त्याला नमस्कार करून, त्याचं दुःख किती मोठं आहे ते सांगत होता. तो मान हलवत होता. माझी पाळी आली. मी माइक हातात घेतला आणि दोन शब्द बोलले नाही. हळदीच्या चालीवर, मोठ्यानं, म्हटलं,

गाणेवाली बाई लिहिण्यात शहाणी,
जातं फिरवलं उलटं, हळद अडकली दळणी.
कुंकू भरलं गं कपाळी कोणी?
जगताना नव्हता, आला मरणी.

कोणी हसलं नाही. टाळीही नाही. सूत्रसंचालन करणारा मुलगा खाली बघत होता. मी माइक जागेवर ठेवला आणि पायऱ्या उतरले. पायऱ्या पहिल्या रांगेसमोरच होत्या. नवऱ्यानं चष्मा काढला आणि विचारलं, "आपण तिच्या कोण?"

"घरमालकीण," मी म्हटलं. "आणि तुम्ही?"